क्षितिज कुठं ठेवायचं

येळवस, म्हणजे रानात पूजा करून जेवायची आमच्याकडची वेळा अमावस्या, झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी लातूरला गेले, फोटोंच्या प्रती काढून आणायला. गंजगोलाईपासून जवळच एका बोळात जुना स्टुडिओ आहे. धंदा आता मुलगा बघतो, काका काउंटरच्या आत खुर्ची टाकून बसलेले असतात. मोबाइलमधले सात-आठ फोटो मुलाला पाठवले, प्रती निघाल्या, आणि पाकिटात घालायच्या आधी काकांनी त्यातली एक उचलली.

सासूबाईंचा फोटो होता. डोक्यावर आंबिलाचं बिंदगं, म्हणजे लहान घागर, घेऊन त्या बांधावरून पूजेच्या कोपीकडं, कडब्याच्या खोपीकडं, चालल्यात. मागं ज्वारी पोटरीला आलेली, कोपीपुढं पाच पांडव म्हणून मांडलेले, चुन्यानं रंगवलेले दगड. मला तो फोटो फार आवडला होता. सासूबाईंचे गुडघे आता दुखतात, पुढच्या वर्षी बिंदगं त्या घेतीलच असं नाही, म्हणून तो मोठा करून लावायचं माझ्या मनात होतं.

काकांनी फोटोवर अंगठा ठेवला. डाव्या कडेला दोन मोटारसायकली होत्या, त्या झाकल्या. मग अंगठा उजवीकडं नेला, तिथं पुतण्याचा अर्धाच हात आला होता. मग वर, जिथं विजेचा खांब नेमका बिंदग्यातून उगवल्यासारखा दिसत होता. शेवटी त्यांनी बोट सासूबाईंच्या गळ्यावर ठेवलं. शेताची आणि आकाशाची रेघ तिथून आरपार गेली होती.

"माय, तू फोटो काढायलीस का पंचनामा करायलीस?"

मी कृषी सहायक आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. वर्षातले कितीतरी दिवस मी खरोखरच पंचनाम्याचे फोटो काढते. शेतकरी मधोमध उभा करायचा, मागं पीक दिसलं पाहिजे, गट नंबरची पाटी दिसली पाहिजे, खाली अक्षांश-रेखांश आणि तारीख उमटली पाहिजे. त्या फोटोचं काम पुरावा होणं आहे आणि त्या कामाला तो बरोबरच आहे. त्यात काही सुटता कामा नये. पण त्याच डोळ्यानं मी सासूबाईंकडं बघितलं होतं, सगळं आलं पाहिजे म्हणून. तसं सगळं आलंही होतं, सासूबाई त्यात कुठंतरी होत्या.

मी काकांना विचारलं, शिकवाल का. ते म्हणाले, "शिकवायला काय हाय त्यात? पण पैसे घेणार नाही आन् घाई करायची नाही." त्या हिवाळ्यात मी त्यांच्यासाठी कधी हुरडा नेला, कधी हरभऱ्याचे ढाळे. दर शनिवारी संध्याकाळी तासभर.

त्याआधी मी एका ऑनलाइन वर्गाला तीन हजार रुपये भरून बसले होते. त्यात 14 नियमांची नावं सांगितली, प्रत्येकाला एक परदेशातलं उदाहरण दाखवलं, आणि शेवटी प्रमाणपत्र दिलं. नावं पाठ झाली, फोटो होते तिथंच राहिले. कॅमेरा मात्र तेव्हाच घेतला होता, सेकंडहँड डीएसएलआर आणि त्याच्याबरोबर आलेली 18-55 मिलिमीटरची लेन्स.

पहिल्या शनिवारी काकांनी तो कॅमेरा कपाटात ठेवायला लावला. ड्रॉवरमधून त्यांनी एक पांढरी प्लॅस्टिकची चौकट काढली, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. स्लाइड, म्हणजे उजेड टाकून पडद्यावर दाखवायचा फिल्मचा तुकडा, बसवायची चौकट. एका साखर कारखान्याच्या कॅलेंडरसाठी त्यांनी कधीतरी स्लाइड फिल्मवर काम केलं होतं, त्यातल्या उरलेल्या त्या चौकटी. मधलं भोक साधारण 36 बाय 24 मिलिमीटरचं, म्हणजे जुन्या रोलवरचा एक फोटो जेवढा असायचा तेवढंच. तिला त्यांनी दोरा बांधला आणि 5 सेंटिमीटरवर गाठ मारली. गाठ गालाशी धरायची, दोरा ताणायचा, एक डोळा मिटायचा आणि भोकातून बघायचं. 50 मिलिमीटरच्या लेन्समधून त्या रोलवर जेवढं आलं असतं तेवढंच त्या भोकातून दिसतं. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे रोलच्या जागी ज्यावर फोटो उमटतो तो भाग, लहान असल्यानं त्यावर हेच दृश्य लेन्स 35 च्या आसपास ठेवल्यावर मिळतं, हे त्यांनी पुढं सांगितलं.

आठवडाभर ती चौकट माझ्या पर्समध्ये होती. बसस्टँडवर, ग्रामपंचायतीत, विहिरीवर, जेवताना ताटावर. पहिले दोन दिवस मी तिच्यातून वस्तू बघत होते: म्हैस, माणूस, झाड. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लक्षात आलं की माझं लक्ष आता मधल्या वस्तूपेक्षा चौकटीच्या कडांवर जायला लागलंय. म्हशीचं शेपूट कडेला कापलं जातंय. झाडाची एक फांदी वरून आत घुसलीय पण तिचं खोड बाहेरच आहे. साध्या डोळ्यानं बघताना आपल्या नजरेला कडा नसतात, म्हणून आपण काय सोडलं आणि काय घेतलं याचा विचारच करत नाही. फोटोला चार कडा असतात आणि सगळा फरक तिथून सुरू होतो.

काकांचा पहिला नियम हाच होता. बटण दाबायच्या आधी चौकटीच्या "कडेनं हिंडून ये". डाव्या वरच्या कोपऱ्यातून निघायचं, चारी बाजूंनी नजर फिरवायची, रानाचा बांध फिरतो तशी. काय अर्धवट कापलंय, काय उगाच आत आलंय, काय बाहेर राहिलंय. मग आपला माणूस बघायचा, त्याच्या डोक्यातून काही उगवलंय का. उगवलं असेल तर एक पाऊल डावीकडं, नाहीतर उजवीकडं. विजेचा खांब हलत नाही, आपण हलतो. सगळीकडं शिकवताना एक-तृतीयांशाच्या नियमापासून सुरुवात करतात. मला मनापासून वाटतं की कडांपासून करायला हवी. कडा सांभाळल्या की निम्मा फोटो तिथंच सुधारतो, आणि त्याला मोबाइलसुद्धा पुरतो.

एक-तृतीयांश नंतर आलाच. मोबाइलच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड चालू केली की दोन उभ्या, दोन आडव्या रेघा येतात. चौकटीचे नऊ घर पडतात. मुख्य वस्तू मधल्या घरात न ठेवता रेघांवर, जमलं तर त्या जिथं एकमेकींना कापतात त्या चार ठिकाणांपैकी एकावर ठेवायची. हे नाव फोटोग्राफीपेक्षा जुनं आहे. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकारानं 1797 साली ग्रामीण देखाव्यांविषयी लिहिताना ते वापरलं होतं, आणि त्याचा मुद्दा वाटणीचा होता. जमीन आणि आकाश निम्मं-निम्मं ठेवलं की दोघंही सारख्याच जोरानं ओढतात. एकाला एक भाग, दुसऱ्याला दोन भाग दिले की चित्र कशाचं आहे ते ठरतं.

मी पंधरा दिवस सगळं रेघांवर ठेवलं. सासूबाई उजव्या रेघेवर, मांजर डाव्या रेघेवर, चूल खालच्या रेघेवर. फोटो आधीपेक्षा बरे दिसत होते, पण एकाच साच्यातून काढलेल्या विटांसारखे. काकांना दाखवले तर ते म्हणाले, "बसवलंस बरोबर. पण कशाला बसवलंस?" उत्तर नव्हतं.

ते उत्तर मला हरभऱ्याच्या रानात सापडलं. आणि आता जे सांगतेय ते मला कोणत्याही वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. डोंगराळ मुलखात राहणाऱ्याला कदाचित त्याची एवढी गरजही पडत नसेल.

आमचा मुलूख सपाट. औशाकडून निलंग्याकडं निघालं की काळं रान, बांधावर बाभळ, लिंब, आणि लांबवर एक सरळ रेघ. कोकणातले, साताऱ्याकडचे फोटो बघून मला नेहमी वाटायचं की आपल्याकडं काढण्यासारखं आहेच काय. काढलेला प्रत्येक फोटो रिकामा आणि चपटा वाटायचा. त्या दिवशी काका पाहुण्यांकडं औशाला आले होते, त्यांना मी रानात घेऊन गेले. शेजारची एक बाई हरभरा खुडत होती. मी उभ्यानं तिचे तीन-चार फोटो काढले. ती वाकलेली असली की सगळी हिरव्यात बुडायची, उभी राहिली की गळ्यातून रेघ. सासूबाईंसारखीच.

मी कॅमेरा वर झुकवून बघितला, आकाश वाढलं. खाली झुकवला, रान वाढलं. रेघ मात्र तिच्या गळ्यातच. तिला दहा पावलं लांब जायला सांगितलं, तरी गळ्यातच. अजून लांब, तरी तिथंच.

काका बांधावर बसल्या जागेवरून म्हणाले, "किती लांब पाठवशील तिला? तुझी अन् तिची उंची एकच हाय."

सपाट जमिनीवर क्षितिज नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर असतं. कॅमेरा साडेचार-पाच फुटांवर असेल तर समोरचा प्रत्येक माणूस, जवळचा असो की लांबचा, साडेचार-पाच फुटांवरच त्या रेघेनं कापला जातो. आपल्याएवढ्या उंचीच्या माणसाचा गळा नाहीतर डोळे. लहान पोर असेल तर ते पूर्ण रेघेखाली, मातीवर. कॅमेरा झुकवून रेघ चौकटीत वर-खाली सरकते, पण माणसाच्या अंगावर ती कुठं येते हे झुकवून बदलत नाही. त्यासाठी आपल्यालाच खाली बसावं लागतं किंवा वर चढावं लागतं.

मी सरीत बसले. रेघ बाईच्या मांडीवर उतरली आणि ती कमरेपासून वर पूर्ण आकाशात उभी राहिली. मी पोटावर झोपले, हरभऱ्याची पानं लेन्सला लागायला लागली, रेघ तिच्या घोट्यापाशी गेली. आता ती एवढी मोठी दिसत होती की हातातली ढाळ्याची पेंढी आभाळाला टेकल्यासारखी वाटत होती. मग उठून मी ट्रॉलीवर चढले. रेघ तिच्या डोक्याच्या खूप वर गेली, आकाश चौकटीतून काढूनच टाकता आलं, आणि ती बाई हिरव्या तासांच्या मधे एकटी, लहान, काम करणारी. तीच बाई आणि तेच रान, घड्याळात दहा मिनिटंही झाली नव्हती, पण मला तीन वेगळ्या गोष्टी मिळाल्या होत्या.

दोन प्रश्न वेगवेगळे आहेत हे मला तेव्हा समजलं. क्षितिज चौकटीत कुठं ठेवायचं हे मनगट ठरवतं. ते माणसाच्या अंगावर कुठं ठेवायचं हे गुडघे ठरवतात. एक-तृतीयांशाचा नियम फक्त पहिल्याचं उत्तर देतो. मी पंधरा दिवस मनगटानंच काम करत होते.

एक अडचण लगेच आली. माणूस आकाशावर आला की आकाश उजेडाचं असल्यानं चेहरा काळा पडतो. त्यावर साधा उपाय म्हणजे सूर्य आपल्या पाठीशी ठेवायचा आणि सकाळी नऊच्या आत किंवा दिवस कलल्यावर यायचं, उजेड तिरपा असताना. दुपारी बारा वाजता आमच्याकडं फोटो काढू नये, डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पडतात आणि माणूस आजारी दिसतो.

त्यानंतर मला मराठवाडा सपाट म्हणून रिकामा वाटला नाही. उलट, इथं क्षितिज लपवायला डोंगर नाहीत, म्हणून प्रत्येक वेळी ते कुठं ठेवायचं हे ठरवावंच लागतं. जूनमध्ये ढगांची वाट बघणाऱ्या रानाचा फोटो असेल तर चौकटीतले दोन भाग आकाशाला. उन्हाळ्यात भेगाळलेल्या रानाचा असेल तर आकाशाची नुसती पट्टी वर ठेवायची किंवा तीही नाही.

मार्चमध्ये दोन दिवस छत्रपती संभाजीनगरला बहिणीकडं गेले. काकांनी बजावलं होतं की वेरूळ मंगळवारी बंद असतं, आणि सकाळी जाऊ नकोस, लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, उजेड दुपारनंतर आत शिरतो. पहिल्या दिवशी बीबी का मकबरा. तिथं एक-तृतीयांश बाजूला ठेवावा लागतो. दारातून आत आलं की मधोमध पाण्याचा लांब हौद, त्यात कारंजी, दोन्ही बाजूंना वाट आणि झाडं, समोर घुमट. बांधणाऱ्यानं 17 व्या शतकातच ठरवून ठेवलंय की बघणाऱ्यानं नेमकं मधे उभं राहायचं. मी एक वीत डावीकडं होते तर चार मिनार नीट जुळेनात, फोटो चुकल्यासारखा दिसला. वीतभर सरकले आणि सगळं जागेवर बसलं. सारखेपणा दाखवायचा असेल तर तो पुरा दाखवायचा, थोडा चुकलेला सारखेपणा डोळ्याला सगळ्यात जास्त खुपतो. नजर ओढून नेणाऱ्या रेघाही तिथंच कळल्या. हौदाच्या दोन कडा डोळ्याला धरून घुमटापर्यंत नेतात. लातूरला परत आल्यावर गंजगोलाईकडं बघितलं तर तेच, 16 रस्ते मधल्या इमारतीकडं धावत येतात. इतकी वर्षं मी तिथं भाजी घेत होते.

वेरूळला कैलास लेण्याच्या अंगणात उभं राहून मी जे काढलं ते सगळं फसलं. एवढं मोठं काही आत मावत नाही आणि माववलं की लहान दिसतं. मग बाजूच्या वाटेनं वर डोंगरावर गेले. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, हा डोंगर वरून खाली कोरत आणलाय, आणि वरून बघितलं की ते कोरणाऱ्यांच्या जागेवरून बघणं होतं. सुमारे 100 फूट खोल खड्डा आणि त्यात देऊळ. तरी फोटोत ती खोली येईना. खाली शाळेची सहल होती. सगळी मुलं एका घोळक्यात पुढं गेली आणि एकच मुलगी बुटाची नाडी बांधायला दगडी हत्तीपाशी मागं राहिली. तेवढ्यात काढला. तिच्या लाल रिबिनीमुळं हत्ती केवढा ते कळलं आणि हत्तीमुळं देऊळ केवढं ते. आकार दाखवायला आकार माहीत असलेली वस्तू शेजारी हवी, आणि माणसाइतकी माहीत असलेली वस्तू दुसरी नाही.

काकांना तो फोटो आवडला. त्यांनी हैदराबादला एका स्टुडिओत काम शिकलेलं, त्यामुळं त्यांना सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांचा फार अभिमान. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, आणि वेरूळच्या लेण्यांचे फोटो दीनदयाळांनीही काढलेले. काचेच्या प्लेटवर. त्यांच्याही आधी, 1860 च्या दशकात, मेजर रॉबर्ट गिल अजिंठा-वेरुळात कॅमेरा घेऊन हिंडत होते. त्यांनी वर्षानुवर्षं खपून केलेल्या अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला 1866 साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या, फोटो मात्र उरले. काकांचं म्हणणं एवढंच होतं की काचेची प्लेट उचलून डोंगर चढणारा माणूस आधी बघतो आणि मग काढतो. "तुझ्या कार्डात हजार मावतेत, म्हणून तू बघंनास."

म्हणून पुढचा अभ्यास 36 फोटोंचा. एका रोलमध्ये 36 असायचे, तेवढेच. एकच जागा, एकच सकाळ, काढलेला फोटो मागच्या पडद्यावर बघायचा नाही, पुसायचा नाही.

मी आमच्या गावची बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, निवडली. परभणी जिल्ह्यात सेलूजवळ वालूरला चक्राकार पायऱ्यांची बारव आहे, तशी देखणी ती नाही. साधी चौकोनी, तीन बाजू ढासळलेल्या, चौथ्या बाजूच्या पायऱ्या शाबूत, वर एक लिंब वाकलेला. पहिले आठ फोटो मी काठावरून उभ्यानं काढले आणि ते आठही एकच होते. नववा ते पंधरावा बारवेभोवती फिरत. मग काही सुचेना. वीस मिनिटं नुसती बसून राहिले. सतरा झाले होते, एकोणीस उरले होते, आणि उरलेले कसे संपवायचे याचीच काळजी. तेव्हा पहिल्यांदा पायऱ्या उतरले. खाली देवकोष्ठ, म्हणजे मूर्ती ठेवायचा कोनाडा, होता, रिकामा, त्यात कुणीतरी पणती ठेवलेली. तिथून वर बघितलं तर दोन्हीकडच्या भिंतींनी आकाशाचा एक तुकडा कापलेला आणि त्यात लिंबाची फांदी. चौकटीत चौकट. ऑनलाइन वर्गात हे नाव पाठ केलं होतं, इथं ते समोर येऊन उभं राहिलं. एकतिसावा फोटो एका म्हातारीचा आहे. ती घागर घेऊन पायऱ्या उतरत होती आणि मी तळाशी होते. तिचा चेहरा डावीकडं, म्हणून मी डावीकडं जागा ठेवली. माणूस जिकडं बघतो, चालतो, तिकडं थोडी मोकळी जागा लागते, नाहीतर तो भिंतीवर आपटणार असं वाटतं. पायऱ्यांच्या रेघा तिच्यापर्यंत येत होत्या. मी कडेनं हिंडून आले, सगळं ठीक होतं, आणि बटण दाबलं.

छत्तिसातले पाच काकांनी बाजूला ठेवले, त्यात तो होता. "पहिले आठ जपून ठेव," असंही म्हणाले. ते अजून आहेत.

बाकीच्या नियमांबद्दल माझ्याकडं फार सांगण्यासारखं नाही. वस्तू तीन, पाच अशा विषम संख्येत ठेवाव्यात म्हणतात, मला त्याचा रानात कधी उपयोग झाला नाही, पाखरं मोजून बसत नाहीत. रिकामी जागा सोडणं मात्र शिकण्यासारखं आहे, आणि ते आमच्या मुलखात आपोआप येतं.

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. तेरणेकाठच्या रानात पाणी शिरलं. काढणीला आलेलं सोयाबीन दिवसेंदिवस पाण्यात राहिलं आणि उभ्या झाडावर शेंगांना मोड आले. आम्ही सकाळी सातला निघायचो, रात्री घरी. कॅमेरा घरीच होता, हातात मोबाइल, पंचनाम्याचा.

एका मावशींच्या रानात पोटरीभर पाणी होतं. नियमाप्रमाणं मी त्यांना मधे उभं केलं, मागं पीक, पाटी, अक्षांश-रेखांश. झालं. त्या खाली बसल्या, पाण्यातून एक झाड उपटून हातात घेतलं आणि शेंगा फोडून बघायला लागल्या. प्रत्येक दाण्याला पांढरा मोड. काही बोलल्या नाहीत.

मला तो फोटो काढायचा होता आणि लाजही वाटत होती. मी विचारलं, "मावशी, अजून एक काढू का? ह्यो सरकारी नाही, माझा."

त्यांनी वर बघितलं. "काढ की. पण मग मला बी एक काढून दे. बैलासंगं, उभारून. चांगला."

त्यांच्या हातांचा फोटो मी बांधावर चढून काढला, वरून खाली. त्यात क्षितिज नाही. तपकिरी पाणी, दोन तळहात, मोड आलेले दाणे, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात बांधाला लागलेली त्यांची एक चप्पल. कडेनं हिंडताना ती दिसली होती. सरकून काढून टाकता आली असती, ठेवली.

मग त्यांनी गोठ्यातून बैल आणले. पदर नीट केला, हातानं केस बसवले आणि दोन बैलांच्या मधे ताठ उभ्या राहिल्या, सरळ माझ्याकडं बघत. मधोमधच. त्यांना कुठल्याही रेघेवर सरकवायचा विचार माझ्या मनात आला नाही. मी समोर चिखलात गुडघे टेकले, मग अजून खाली झाले, कोपरं टेकली. तुटलेलं, झोपलेलं सोयाबीन खाली राहिलं. मावशींचं डोकं, खांदे, बैलांची शिंगं, सगळं ढग फाटून उजळलेल्या आकाशावर आलं.

लातूरला जायला तीन आठवडे लागले. काकांनी पहिली प्रत घेतली, हातांची. अंगठा आपसूक चपलेवर गेला. तसाच बराच वेळ ठेवला. मग उचलला, परत ठेवला, परत उचलला. काही न बोलता फोटो बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला.

"चिखलात झोपलीस व्हय?"

"हो."

"8 बाय 12 काढ," त्यांनी मुलाला सांगितलं. "आन् कापू नको कुठं."

तो फोटो मी दिवाळीच्या आधी मावशींना नेऊन दिला. त्यांनी हात पुसले, फोटो लांब धरला, आणि आधी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बोट फिरवत नेलं.

"शिंगं आलीत," त्या म्हणाल्या. "शेपटी बी आली की गं सगळी."